डायबिटीजच्या रॅट-प्रयोगात काय पाहायचं: जीसीके की पीसीके-१?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला यकृतातलं एकच एन्झाइम निवडायचं असेल, तर गोष्ट बहुतेक वेळा जीसीके आणि पीसीके-१ या दोन जीनवर येऊन अडते. माझी तशीच अडली होती. दोन्हींवर काम करून झालंय, म्हणून लिहितोय.

पेशीत आलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट लावून तिथेच अडकवणारं ग्लुकोकायनेज हे एन्झाइम जीसीकेचं, आणि नवं ग्लुकोज बनवण्याच्या वाटेवरचं पीईपीसीके हे एन्झाइम पीसीके-१चं. इन्शुलिननं पहिलं वाढतं, दुसरं दबतं. एवढं तुम्हाला ठाऊक आहेच.

पीसीके-१ हाताळायला सोपं, हे आधी कबूल करतो. रात्रभर उपाशी ठेवलेल्या रॅटच्या यकृतात त्याचा एमआरएनए (जीन किती चालू आहे ते दाखवणारी नक्कल) भरपूर मिळतो, एसटीझेड (स्ट्रेप्टोझोटोसिन, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून डायबिटीज घडवणारं रसायन) दिलेल्या गटात आणखी चढतो आणि आलेख बघताक्षणी कळतो. मीही सुरुवात त्यानंच केली.

माझं मन फिरलं ते एका पावसाळ्यात. रॅट रात्री खातात, म्हणून ‘खाल्लेल्या’ गटाचं यकृत आम्ही संध्याकाळी उशिरा काढायचो. आमचं अ‍ॅनिमल हाऊस नदीपात्रापासून फार लांब नाही. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने तिथे ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तोही नेमका संध्याकाळी. त्या हंगामात आमच्या निरोगी कंट्रोल रॅटचा पीसीके-१ इतका वर गेला की डायबिटिक गटाशी फरकच उरेना. प्रायमर बदलले, आरएनए पुन्हा काढला, तीन आठवडे गेले. शेवटी यकृत काढायची वेळ पहाटेची केली आणि आकडे खाली आले. आवाजाची वेगळी चाचणी मी घेतलेली नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही. पण कारण उघड आहे: घाबरलेल्या प्राण्यात कॉर्टिकोस्टेरॉन आणि अ‍ॅड्रेनॅलिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात, आणि हा जीन दोघांनाही ओ देतो. त्याच्या एमआरएनएचं अर्धायुष्य जेमतेम अर्ध्या तासाचं, प्रथिनाचं सहा ते आठ तासांचं. पिंजरा उचलणारा माणूस नवा असला तरी आकडा हलू शकतो.

त्याच यकृतांच्या जपून ठेवलेल्या तुकड्यांत जीसीकेची अ‍ॅक्टिव्हिटी पाहिली, तर दोन्ही गट स्वच्छ वेगळे दिसत होते. ग्लुकोकायनेज प्रथिन यकृतात दिवसभराहून जास्त टिकतं. एका संध्याकाळच्या गोंधळानं ते फारसं हलत नाही, असा माझा अनुभव.

आजाराशी नातं पाहिलं तरी मला जीसीके जवळचं वाटतं. इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत हेच एन्झाइम साखरेची पातळी ओळखतं, कारण ते अर्ध्या वेगाला पोचतं ते साधारण 8 मिलिमोलर ग्लुकोजला. माणसात या जीनच्या एका प्रतीत बिघाड झाला की उपाशीपोटी साखर आयुष्यभर थोडी वर राहते. मोडी (एमओडीवाय, तरुणपणीच दिसणारा आनुवंशिक डायबिटीज) या आजाराचा हा प्रकार 1992 पासून माहीत आहे. पीसीके-१चं तसं नाही. रॅटच्या यकृतात पीईपीसीके जवळजवळ सगळं सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) असतं, माणसात मात्र बराच वाटा मायटोकॉन्ड्रियातल्या दुसऱ्या जीनचा असतो. शिवाय 2007 साली माऊसच्या यकृतात हे एन्झाइम सुमारे 90 टक्के कमी करून पाहिलं, तर नवं ग्लुकोज बनणं 40 टक्क्यांच्या आसपासच घटलं. म्हणजे आलेख चढला म्हणून साखर त्यामुळेच वाढली, असं म्हणता येत नाही.

जीसीकेचा त्रास नाही असं नाही. नमुना वितळवून पुन्हा गोठवलात की अ‍ॅक्टिव्हिटी घसरते, बफरमध्ये डीटीटी (एन्झाइमला ऑक्सिडेशनपासून जपणारं रसायन) लागतंच, आणि इतर हेक्सोकायनेजचा वाटा वजा करायला 100 आणि 0.5 मिलिमोलर अशा दोन ग्लुकोज-पातळ्यांवर मोजावं लागतं. उपाशी प्राण्यात जीकेआरपी हे प्रथिन एन्झाइमला केंद्रकात धरून ठेवतं, ते तर होमोजिनेटच्या (वाटलेल्या यकृताच्या) आकड्यात दिसतही नाही. हाताशी तीनच महिने असतील आणि एमआरएनए मोजायचं फक्त पीसीआर मशीन असेल, तर पीसीके-१ घेतलात तरी मी नाही म्हणणार नाही.

वर्षभर असेल, तर जीसीके घ्या. फक्त रॅटना सवयीनं रात्रभर उपाशी ठेवू नका. मग कंट्रोलमध्येही ते खाली गेलेलं असतं. रात्रभर खाऊ द्या, यकृत पहाटे सहाला काढा आणि लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका.