रेंजर्स की ब्रुइन्स? कोसळलेल्या दोन संघांतून एक निवडताना

न्यू जर्सी किंवा बॉस्टनमध्ये स्थिरावलेल्या, बर्फावरच्या हॉकीची नुकतीच गोडी लागलेल्या मराठी माणसाला २०२५ च्या उन्हाळ्यात संघ निवडायचा असेल, तर निवड अवघड आहे. बॉस्टनचे ब्रुइन्स १९२४ चे, न्यू यॉर्कचे रेंजर्स १९२६ चे. दोन्ही संघ जुने, खानदानी. ब्रुइन्सनी २०२२-२३ मध्ये ८२ पैकी ६५ सामने जिंकत १३५ गुण मिळवले. एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या या खेळाच्या मुख्य लीगच्या, इतिहासात एका हंगामात एवढं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. रेंजर्स पुढच्याच हंगामात ११४ गुणांसह अख्ख्या लीगमध्ये पहिले. आणि २०२४-२५ मध्ये रेंजर्स ८५, ब्रुइन्स ७६. दोघेही प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, बाहेर.

गुण बघितले तर रेंजर्सची अवस्था बरी दिसते. मला उलट वाटतं.

ब्रुइन्सचं दुखणं कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवता येतं. २०२३ च्या उन्हाळ्यात पॅट्रिस बर्जेरॉन आणि डेव्हिड क्रेची हे दोन्ही सेंटर, म्हणजे मधल्या जागेवरचे फॉरवर्ड, निवृत्त झाले. बर्जेरॉन म्हणजे बचावात तरबेज फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी सहा वेळा नेणारा माणूस. एक हंगाम पुण्याईवर निघाला, १०९ गुण आले. मग पोकळी भरायला एलियास लिंडहोमला सात वर्षांचा, वर्षाला ७७.५ लाख डॉलरचा करार दिला. त्या पैशाला साजेसा खेळ पहिल्या वर्षी तरी दिसला नाही.

खरा घोळ गोलपोस्टमध्ये झाला. गोलरक्षक लायनस उलमार्कला ओटावाच्या संघाला देऊन टाकलं आणि भिस्त जेरेमी स्वेमनवर ठेवली. त्याचा करार मात्र हंगाम तोंडावर येईपर्यंत अडला. सही झाली ६ ऑक्टोबर २०२४ ला: आठ वर्षं, ६ कोटी ६० लाख डॉलर. तोवर सराव शिबिर संपलं होतं. गोलरक्षकाला शिबिर चुकणं महागात पडतं, कारण पक (या खेळातली रबरी चकती) आडवा सरकला की त्याच्याबरोबर सरकण्याची लय एकट्याने सराव करून येत नाही. आधीच्या हंगामात स्वेमन शंभरातले सुमारे ९१.६ फटके अडवत होता, २०२४-२५ मध्ये ८९.२. फरक किरकोळ वाटतो? सामन्यात त्याच्यावर सत्तावीस-अठ्ठावीस फटके येतात असं धरा. म्हणजे दर तीन सामन्यांत दोन गोल जास्त. एका गोलाने सुटणारे सामने या खेळात ढिगाने असतात.

त्यात हॅम्पस लिंडहोम आणि चार्ली मॅकअव्हॉय हे बचावाचे दोन खांब जायबंदी. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक जिम माँटगोमेरींना नारळ, आणि मार्चमध्ये कर्णधार ब्रॅड मार्शंडला फ्लोरिडा पँथर्सकडे धाडलं. याच पँथर्सनी २०२३ आणि २०२४ मध्ये ब्रुइन्सना घरी पाठवलं होतं, आणि जूनमध्ये मार्शंडने त्यांच्याच जर्सीत स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. बॉस्टनकरांना हे किती झोंबलं असेल, ते विचारायलाच नको.

रेंजर्सच्या बाबतीत असा हिशेब लागत नाही. दुखापतींचा डोंगर नव्हता, सुरुवात तर पहिल्या १७ सामन्यांत १२ विजय अशी झकास होती. मग पुढच्या १९ सामन्यांतले १५ हरले. पराभव सुरू झाले होते तेवढ्यात बातमी फुटली: व्यवस्थापक ख्रिस ड्रुरी यांनी इतर संघांना कळवलंय की कर्णधार जेकब ट्रूबा आणि ख्रिस क्रायडर दोघेही देण्याघेण्यासाठी खुले आहेत. ज्यांच्या जिवावर ड्रेसिंग रूम चालते, त्यांचाच बाजार मांडलेला बाकीच्यांनी वर्तमानपत्रात वाचला. डिसेंबरमध्ये ट्रूबा ॲनाहाइमला गेला, हंगाम संपल्यावर क्रायडरही तिकडेच. गोलच्या तोंडाशी पाय रोवून पकला दिशा देणं ही क्रायडरची खासियत. पाठीने दगा दिला आणि ३९ गोलांवरून तो २२ वर आला. पॉवर प्लेचा (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाचा) कणाच गेला.

शिवाय रेंजर्सचा बचाव आजचा ढिसाळ नाही. ११४ गुणांच्या वर्षातही गोलरक्षक इगोर शेस्टर्किन कितीतरी वेळा एकट्याने संघाला तारत होता, म्हणून ते दिसलं नाही इतकंच. आता त्यालाच आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलर. २०२५-२६ ची अख्ख्या संघाची वेतनमर्यादा ९ कोटी ५५ लाख. आठवा हिस्सा एका माणसात गेला, तर त्याच्यापुढचा बचाव कशाने सुधारणार?

रेंजर्सची जमेची बाजू म्हणजे नवे प्रशिक्षक माइक सलिव्हन. पिट्सबर्गबरोबर २०१६ आणि २०१७ चे कप त्यांच्या नावावर आहेत. (गडी मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, आणि एकेकाळी ब्रुइन्सचाच प्रशिक्षक.) ब्रुइन्सचे नवे प्रशिक्षक मार्को स्टर्म यांची एनएचएलमधली मुख्य प्रशिक्षक म्हणून ही पहिलीच वेळ. पण ब्रुइन्सकडे २०२४-२५ मध्ये गोल आणि गोलसाहाय्य मिळून १०६ गुण केलेला डेव्हिड पास्टर्नाक आहे, आणि ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या वार्षिक निवडीत) सातव्या क्रमांकावर मिळालेला सेंटर जेम्स हेगन्स, जो न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवर वाढला आणि बॉस्टन कॉलेजकडून खेळला.

२०२५-२६ च्या हंगामातच प्लेऑफ बघायचं असेल, तर रेंजर्सवर पैज लावा. सलिव्हन आणि शेस्टर्किन मिळून तेवढं जमवू शकतात. चार-पाच वर्षं साथ द्यायची तयारी असेल, तर माझं मत ब्रुइन्सना: त्यांनी मोडलेलं मोडलं म्हणून विकलं आणि नव्याने जमवायला घेतलं. आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून पोरांना घेऊन अधूनमधून सामन्याला जायचं, एवढंच ठरवायचं असेल, तर रेंजर्सच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या तिकिटांचे भाव आधी बघा. नेवार्कला एनएचएलचेच डेव्हिल्सही खेळतात, आणि गाडी न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनच्या अलीकडे तिथेच थांबते.