लातूरचं भाड्याने पलंग देणारं सर्जिकल दुकान: आमचा अनुभव

घरी लकव्याचा पेशंट आणायचा असेल, तर पलंग ऑनलाइन मागवू नका. लातूरला दवाखान्यांच्या गल्लीत औषधांच्या दोन दुकानांमध्ये दबलेलं एक सर्जिकल दुकान आहे, आधी तिथं जा. बाहेर व्हीलचेअर साखळीने बांधून ठेवलेल्या असतात, तीच खूण.

आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, उजवी बाजू लकव्याने गेली, तेव्हा दवाखान्यातून निघताना गोळ्यांची चिठ्ठी मिळाली आणि "दर दोन तासांनी कूस बदला" एवढं सांगणं. कशी बदलायची, ते कुणी दाखवलं नाही. या दुकानातल्या काकांनी मात्र पैशाचं बोलायच्या आधी विचारलं, "ताई, दाराची रुंदी किती? न्हाणीला उंबरा आहे का? रात्री पेशंटजवळ कोण झोपतं?" आमचं घर औशाला, जुन्या बांधणीचं. चाकाची कमोड खुर्ची न्हाणीच्या दारातून जाणारच नाही, हे त्यांनी तिथंच ओळखलं आणि बिनचाकाची दिली. भाडंही कमी पडलं.

पलंग डोक्याकडून आणि पायाकडून वर होणारा, हँडल फिरवायचं. महिना दोन हजार भाडं, अनामत वेगळी. टेम्पोचं भाडं आपल्याकडे. एअर बेड, म्हणजे पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने फुगवायची गादी, मात्र विकतच घ्यावा लागतो, वापरलेला ते देत नाहीत. तेही बरंच आहे.

जोडायला आलेल्या पोराने जे दाखवलं, त्यासाठी मी हे लिहितेय. गादी फुगल्यावर त्याने आत्याबाईंच्या माकडहाडाखाली, पण गादीच्या खालून, तळहात सरकवला. हाड हाताला टेकलं तर हवा कमी, मध्ये इंचभर तरी गादी लागली पाहिजे. मग माझाही हात घालायला लावला. लाइट गेली की पंपाच्या नळ्या दुमडून रबर लावायचं, हवा थोडा वेळ टिकते. आमच्याकडे लाइटचा काय भरवसा, म्हणून हे फार कामाला आलं. कूस बदलताना लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. खाली आडवी चादर टाकून दोघांनी ती चादर ओढायची. गुडघ्यांमध्ये उशी, आणि टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली दुसरी.

आमचे हे दारात उभे राहून बघत होते. पोरगा म्हणाला, "भाऊ, तुम्ही पण या, रात्री एकट्या ताईला जमणार नाही." मला तो पोरगा तिथंच आवडला! सांभाळणं म्हणजे सुनेचं काम, हे आपल्याकडे एवढं पक्कं बसलंय की शिकवणारेही बाईकडेच बघून बोलतात.

मी बसायला हवेचं गोल कडं मागितलं, तर काकांनी विकायला नकार दिला. कड्याच्या काठावर दाब पडून तिथलं रक्त अडतं, म्हणे. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनीही पुढे तेच सांगितलं.

आता खोड्या. बिल कच्चं देतात, पक्कं मागून घ्या. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्यांना, घरचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर, कमोड खुर्ची, वॉकर अशा वस्तूंसाठी एकदाच 3 हजार रुपये खात्यात येतात आणि खरेदीचं बिल लागतं. अर्ज समाजकल्याणच्या ऑफिसात. हे दुकानात कुणी सांगत नाही, 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला विचारा. फोन फुकट, सकाळी 8 ते रात्री 8. दुसरं, घरी माणूस लावायचं असेल तर काउंटरवर एका ब्युरोचं कार्ड ठेवलेलं असतं. आम्ही बोलावली ती मुलगी बारा तासांचे पैसे घेऊन मोबाइल बघत बसायची, लघवीची पिशवी पलंगाच्या वर टांगायची. काकांना बोलले, त्यांनी कार्ड काढून टाकलं.

सांभाळणारीची झोप जाते, चिडचिड होते, त्यासाठी दुकानात काही मिळत नाही. मी 14416 लावला, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पेशंटच असायला हवं असं काही नाही.

अनामत परत मिळायला वेळ लागतो, दोनदा फोन करावा लागला. पाचपैकी चार. पहिल्यांदा जाताना दार आणि न्हाणी टेपने मोजून, मोबाइलमध्ये फोटो काढून न्या, आणि दुपारी एक ते चार जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं.