यंत्र आलं, आता घोडा किंवा गाढव पाठवायचं कुठे?

टांग्याच्या जागी ई-रिक्षा आली, ओझ्यासाठी टेम्पो आला, की मालकापुढे तीन वाटा उरतात: जनावरं सांभाळणारी संस्था, जागा असलेलं एखादं घर, नाहीतर 'हलक्या कामासाठी' विक्री.

आधी विक्रीबद्दल, कारण चार पैसे मिळतात म्हणून तिचाच मोह होतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक, एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या पत्नी, कैरोला गेल्या तेव्हा त्यातले वाचलेले घोडे म्हातारपणी, हाडं वर आलेली असतानाही गाड्या ओढत होते. त्यांनी ते विकत घेऊन सोडवले आणि १९३४ मध्ये तिथे अशा जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला. एकदा विकलं की पुढच्या मालकापुढे आपलं काही चालत नाही. ही वाट नकोच.

लंगडं, आंधळं किंवा फार म्हातारं जनावर असेल तर संस्था बरी. डॉक्टर, नालबंद, अनुभवी हात तिथे असतात. मात्र गर्दी असेल तर नवं जनावर दबतं. म्हणून वैरण टाकायच्या वेळी जाऊन बघा, मागे ढकलल्या जाणाऱ्याच्या तोंडात काही पडतं का.

धडधाकट, माणसाळलेल्या जनावराला मी घर निवडेन, पण घेणाऱ्याला सगळं स्पष्ट सांगून. घोडा २५-३० वर्षं जगतो, गाढव त्याहूनही जास्त. काम थांबलं तरी दर ६ ते ८ आठवड्यांनी खूर साळावे लागतात, वर्षातून एकदा दात तपासावे लागतात. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र हळूहळू कमी करायची. कष्टाच्या दिवसांतला खुराक चालू ठेवून घोडा नुसता बांधून ठेवला, तर खुरांना आतून सूज येऊ शकते. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन तो उभा दिसला की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

गाढवाची जोडी तर कधीच फोडू नका. जोडीदार गेला की ते खाणं सोडू शकतं, मग रक्तात चरबी वाढते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दोन्ही घ्यायला घर तयार नसेल, तर दोघांना एकत्र ठेवणारी संस्था शोधा.

कुठेही दिलं तरी कागद करा: विकायचं नाही, कामाला जुंपायचं नाही, सांभाळणं जमलं नाही तर आधी तुम्हाला कळवायचं.