केबिनचा फ्लोअर सडलाय: वरून ठिगळ मारावं की कापून नवा पत्रा टाकावा?

जुन्या टाटा ४०७ टेम्पोच्या केबिनमधलं मॅट उचललं आणि खालचा रस्ता दिसला, की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा नाहीतर वडाळ्याला, दोनच पर्याय ऐकायला मिळतात.

ठिगळ स्वस्त पडतं आणि गाडी लवकर भाड्यावर जाते. ज्याचे हप्ते चालू आहेत त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण दोन पत्र्यांच्या मध्ये गंज तसाच राहतो आणि त्या फटीत शिरलेलं पाणी सुकत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चपलांबरोबर चिखल आत येतो, बाकीचे महिने खारी हवा आहेच. ठिगळाच्या कडेने गंज पत्रा पुन्हा खायला लागतो. शिवाय सडक्या कडेला वेल्डिंगचा टाका धरतच नाही, उलट भोक वाढतं.

कापायचं तर स्क्रूड्रायव्हरने टोचत चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जावं लागतं. वरून तळहाताएवढा दिसणारा गंज खाली बराच पसरलेला असतो, म्हणून भाव टोचून बघितल्यावरच ठरवा. गाडी अजून काही वर्षं चालवायची असेल तर माझ्या मते हेच करावं. सीटच्या बोल्टांजवळ किंवा केबिन माउंटिंगपाशी (केबिन चासीला जिथे बसते तिथे) गंज असेल तर ठिगळाचं नावच नको. तिथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. वर्षभरात भंगारात काढायच्या गाडीला मात्र ठिगळ पुरे.

वेल्डिंग कसलं, हेही विचारा. फ्लोअरचा पत्रा जेमतेम १ मिमीच्या आसपास असतो. आर्कने तो जळतो, गॅसने वाकडा होतो. ०.८ मिमी तारेचं सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत तारेने केलेलं) उत्तम, तेही सलग न ओढता जागा बदलत टाके मारून. पत्रा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिमीचा सीआरसीए (थंड रोल केलेला साधा पोलादी पत्रा) घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असेल तर कडांचं जस्त घासून काढायला सांगा, त्याच्या धुराने वेल्डरला ताप भरतो. बॅटरीची वायर आधी काढा. खालून डिझेलचा आणि ब्रेकचा पाइप, वायरिंग जातं का ते बघून बाजूला घ्या.

सांध्याला दोन्ही बाजूंनी प्रायमर आणि सीलर, खालून अंडरबॉडी कोटिंग हवंच. रंग मारण्याआधी गाडीखाली जाऊन सांधा स्वतः बघा, आणि लांबी (पुट्टी) भरलेली दिसली तर पैसे देण्याआधी खरवडायला लावा.