बिल्ला, मासिक की जुना फोटो: पहिले पैसे कशावर घालायचे?

आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या वस्तू जमवायला सुरुवात करणारे बहुतेक जण आधी बिल्ल्यांकडे वळतात. 28 ऑगस्ट 1963 च्या, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टन मोर्चाचा बिल्ला, एका काळ्या आणि एका गोऱ्या हाताची घट्ट पकड असलेला, बघितला की घ्यावासाच वाटतो. मोर्चाच्या खर्चासाठी तेव्हा तो 25 सेंटला विकला गेला, खूप विकला गेला, त्यामुळे ओरिजिनल अजून मिळतात, पण नकलाही तितक्याच फिरतात आणि नुसता ऑनलाइन फोटो बघून भल्याभल्यांना फरक कळत नाही. म्हणून मागची बाजू, पिन आणि कडेला दुमडलेला कागद यांचे क्लोजअप मागवा, विकणारा टाळाटाळ करायला लागला की विषय तिथेच सोडा.

मी स्वतः मासिकांच्या बाजूचा. 'द क्रायसिस' हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या NAACP या संघटनेचं मासिक नोव्हेंबर 1910 ला सुरू झालं, संपादक ड्यू बॉईस, म्हणजे तेच ज्यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. एकच अंक उघडला तरी लिंचिंगच्या (जमावाने केलेल्या हत्यांच्या) बातम्या, कृष्णवर्णीय कॉलेजांच्या जाहिराती, कविता, सगळं एकत्र सापडतं, म्हणजे बिल्ला एका दिवसाचा आणि हा अंक अख्ख्या समाजाच्या एका महिन्याचा. शिवाय अख्खा अंक जुना दिसेल असा खोटा बनवत बसणं सहसा कुणाला परवडत नाही (सुटं मुखपृष्ठ मात्र घेऊ नका, ते सहज छापता येतं). त्रास एकच, कागद. पिवळा पडतो, कडा तुटतात. आम्लविरहित फोल्डरमध्ये, उजेडापासून लांब ठेवायचा आणि लॅमिनेशन अजिबात करायचं नाही.

जुने फोटो सगळ्यात महाग, पण जीव अडकतो तो इथेच. सोजर्नर ट्रुथ, जन्माने गुलाम, पुढे गुलामगिरीविरुद्ध भाषणं करत फिरणारी, स्वतःचे फोटो विकून प्रवासाचा आणि घरचा खर्च भागवायची, खाली छापलेलं असायचं की मी सावली (म्हणजे फोटो) विकून देहाचा सांभाळ करते, आणि 1864 पासून त्यावर कॉपीराइट तिच्या स्वतःच्या नावाचा! भिंगातून बघा, छपाईचे बारीक ठिपके दिसले तर तो फोटो नाही, नंतरची छापील नक्कल आहे. मागे महसुलाचं तिकीट चिकटवलेलं असेल तर तो बहुधा 1864 ते 1866 मधला, कारण फोटोंवरचा तो कर तेवढ्याच काळात होता.

हात एकदम आखडता असेल तर कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचं 1940 चं 10 सेंटचं तिकीट घ्या, अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आलेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. किंवा त्यांचं 1946 ते 1951 चं चांदीचं अर्ध्या डॉलरचं नाणं, त्याचं डिझाइन आयझॅक हॅथवे या कृष्णवर्णीय शिल्पकाराचं.

दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात भाड्याने कामाला पाठवलेल्या गुलामांना लावावे लागणारे तांब्याचे बिल्ले मात्र नवख्याने घेऊच नयेत, बाजारात खोटे फार आहेत. आणि कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या बरण्या-बाहुल्या दिवाणखान्यात शोभेला मांडायला तर नकोच, त्या समजून घ्यायच्या असतील तर मिशिगनच्या बिग रॅपिड्समधल्या जिम क्रो म्युझियममध्ये (जिम क्रो म्हणजे अमेरिकेतली वर्णभेदाची व्यवस्था) जा, तिथे त्या इतिहास सांगून दाखवतात.