वाचकांचे रिव्ह्यू बघून पुस्तकं निवडली, त्याचा बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

रिव्ह्यूंचाच रिव्ह्यू लिहितेय, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गेले बरेच महिने कुठलंही पुस्तक हातात घ्यायच्या आधी साध्या वाचकांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचते आणि मगच ठरवते. समीक्षकांचं नाही हं, वाचकांचं. म्हणजे ज्यांनी झोपायच्या आधी वीसवीस पानं करत पुस्तक संपवलं किंवा कंटाळून फेकलं आणि मग येऊन दोन ओळी खरडल्या, त्या लोकांचं. कादंबऱ्या, इतिहास, रहस्यकथा, सेल्फ-हेल्प, पोरांची चित्रांची पुस्तकं, अनुवाद, कविता, सगळ्याला हाच प्रयोग केला. काही ठिकाणी भयंकर उपयोग झाला, काही ठिकाणी शून्य, आणि कुठे काय होतं ते आता बऱ्यापैकी कळायला लागलंय.

पहिली गोष्ट, पाचपैकी सरासरी किती स्टार मिळाले तो आकडा. तो बघायचा सोडून द्या, खरंच. मी बघितलेली बहुतेक पुस्तकं साडेतीन ते सव्वाचारच्या मध्ये गर्दी करून बसलेली असतात, त्यात थोर कादंबरीपण आणि विमानतळावर घेऊन विमानतळावरच विसरायची थ्रिलरपण. होतं काय, की माणूस मुळात आपल्याला आवडेल असं वाटतं तेच पुस्तक उचलतो, आणि ज्याला चाळीस पानांतच कंटाळा येतो तो स्टार द्यायला कशाला येतोय परत. त्यामुळे आकडा आपोआप वर राहतो. आणि स्टारचा अर्थ तरी कुठे सगळीकडे सारखा? गुडरीड्सवर, म्हणजे वाचक पुस्तकांना स्टार देतात आणि रिव्ह्यू लिहितात त्या साइटवर, दोन स्टार म्हणजे ‘ठीक होतं’ आणि तीन म्हणजे ‘आवडलं’. पाच म्हणजे ‘अफाट’. खरेदीच्या साइट्सवर मात्र तीन म्हणजे जेमतेम पास असंच सगळे धरून चालतात. म्हणजे एकाच पुस्तकाला एकाच माणसाने मनापासून दिलेले तीन स्टार एका ठिकाणी कौतुक आणि दुसऱ्या ठिकाणी नाक मुरडणं. त्यात गुडरीड्सवर अर्धा स्टार देता येत नाही, त्यामुळे साडेतीनवाले बिचारे दर वेळी इकडे नाहीतर तिकडे ढकलले जातात. स्टोरीग्राफ या तसल्याच दुसऱ्या साइटवर पाव स्टारसुद्धा देता येतो, पण मग लोक पावणेचार की चार यावर एवढा विचार करतात की पुस्तकाबद्दल लिहायचं राहूनच जातं.

दुसरं म्हणजे तारीख बघायची सवय लावून घ्या. अगदी सुरुवातीचे रिव्ह्यू कोणाचे असतात? लेखकाच्या फॅन लोकांचे, नाहीतर प्रकाशनाच्या आधीच फुकट प्रत मिळालेल्यांचे. फुकट प्रत मिळाली म्हणून माणूस खोटंच लिहितो असं माझं म्हणणं नाही, बरेच जण तसं स्पष्ट नमूद करतात आणि प्रामाणिक लिहितात, पण हात जरा सैल पडतोच. शिनशिन ली आणि लॉरिन हिट यांनी २००८ मध्ये ॲमेझॉनवरच्या पुस्तकांच्या रेटिंगचा अभ्यास छापला होता, त्यात हेच दिसलं की सुरुवातीला उत्साही लोक येतात, आकडा चढा असतो आणि नंतर बऱ्याच पुस्तकांचा हळूहळू उतरतो. मी आता नवीन पुस्तकाला थोडं मुरू देते, घाई काय आहे.

मालिकांच्या बाबतीत तर गंमतच आहे. रहस्यकथांची किंवा फँटसीची लांबलचक मालिका घ्या, पहिल्या भागाला चार, तिसऱ्याला सव्वाचार, सहाव्याला साडेचार! लेखक दर भागाला सुधारत गेला असेल असं वाटतं ना, पण ज्यांना पहिला भाग आवडला नाही ते तिथेच उतरले, दुसऱ्यावर चिडलेले दुसऱ्यावर उतरले, सहाव्यापर्यंत फक्त भक्तगण उरले, ते देणारच की पाच. त्यामुळे मालिकेत मी फक्त पहिल्या भागाचे रिव्ह्यू वाचते आणि पुढच्या भागांचे वाचायचे झालेच तर ‘इथे मी थांबलो’ असं लिहिणाऱ्यांचे.

बक्षीस मिळालेल्या पुस्तकांचं बरोबर उलटं. बालाझ्स कोवाच आणि अमांडा शार्की यांचा २०१४ चा अभ्यास आहे. त्यांनी बक्षीस मिळालेली आणि अंतिम यादीत येऊन हुकलेली अशी मिळून ६४ पुस्तकं घेतली, गुडरीड्सवरचे ३८ हजारांहून जास्त रिव्ह्यू तपासले, तर बक्षीस लागल्यावर विजेत्यांचं रेटिंग हुकलेल्यांपेक्षा जास्त घसरलेलं. पुस्तक तेच, एक शब्द बदललेला नाही, पण आता असे लोक वाचायला आले ज्यांनी एरवी त्या पुस्तकाकडे ढुंकूनही बघितलं नसतं. ‘एवढं नाव ऐकलं म्हणून घेतलं, काय कळलं नाही बुवा’ या छापाचे रिव्ह्यू या पुस्तकांखाली ढिगाने सापडतात आणि ते सरळ ओलांडून पुढे जायचं.

आता माझा आवडता भाग, एक स्टारवाले. ज्युडिथ शेव्हॅलिए आणि डिना मेझलिन यांनी २००६ मध्ये ॲमेझॉन आणि बार्न्स अँड नोबल या दोन साइट्सवरची तीच ती पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून बघितली होती, तेव्हा एक स्टारचा विक्रीवर होणारा परिणाम पाच स्टारपेक्षा जास्त निघाला. म्हणजे एका नाराज माणसाला आपण पुष्कळ घाबरतो. मी पण घाबरायचे. पण नीट वाचलं तर एक स्टारमध्ये चार जातीची माणसं असतात. एकाला पार्सल फाटून आलं. दुसऱ्याला पुस्तक वेगळ्या विषयावरचं वाटलं होतं. तिसऱ्याला लेखकाचं राजकारण आवडत नाही, पुस्तक उघडलेलंच नाही. आणि चौथा, तो खरा सोन्यासारखा माणूस, त्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय, त्याला राग आलाय आणि राग कशाचा आला ते तो तपशिलात सांगतो. कारण कौतुक करताना माणूस ‘अप्रतिम, भारावून टाकणारं, जरूर वाचा’ एवढ्यावर संपतो, पण वैतागला की पान नंबर देतो!

उदाहरण सांगते. एका कादंबरीखाली पाच स्टारवाल्यांनी ‘मानवी नात्यांची हळुवार गुंफण’ वगैरे लिहून ठेवलं होतं, ज्यातून काहीही कळत नाही. खाली एका वाचकाने एक स्टार देऊन लिहिलेलं, की नवरा-बायको एका टेबलाशी बसतात आणि दोनशे पानं धड भांडतसुद्धा नाहीत, नुसते गप्प बसतात, मध्ये एकदा ती खिडकी लावते तर त्यावर सहा पानं, वैताग. मी त्या क्षणी पुस्तक मागवलं. मला खिडकीवर सहा पानं हवीच असतात! आणि होती, खरंच सहा होती, आणि त्या सहा पानांत लग्नाची पंधरा वर्षं सांगून झाली. त्या वैतागलेल्या माणसाइतकं अचूक वर्णन एकाही कौतुक करणाऱ्याने केलेलं नव्हतं. तेव्हापासून मी तक्रार वाचताना आवाज बंद करते आणि फक्त मजकूर घेते. ‘काहीच घडत नाही’, ‘पात्रं फार आहेत’, ‘शेवट अर्धवट सोडला’, ‘तळटीपा भारंभार’, ही माझ्यासाठी जाहिरात आहे. ‘मुख्य पात्र सगळ्यांना उपदेश करत सुटतं’ असं दोघातिघांनी लिहिलं असेल तर मात्र मी हात जोडते.

वाईट रिव्ह्यूचा फायदा लेखकालाही होतो बरं का, सगळ्यांना नाही पण नवख्यांना. २०१० मध्ये बर्जर, सोरेन्सन आणि रासमुसेन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या समीक्षा आणि विक्री ताडून बघितली, तर टीकेनंतर नामवंत लेखकांची विक्री साधारण १५ टक्के पडली आणि अनोळखी लेखकांची ४५ टक्के वाढली. शिव्या विसरल्या जातात, नाव डोक्यात राहतं.

पुस्तकाचा प्रकार बदलला की रिव्ह्यू वाचायची पद्धतही बदलावी लागते. अनुवादाच्या बाबतीत सगळ्यात जास्त डोकेदुखी. बऱ्याच साइट्सवर एका पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या, सगळे अनुवाद, सगळ्या भाषा एकाच खात्यात जमा होतात. म्हणजे वर दिसणारं तोंड भरून कौतुक मूळ पुस्तकाचं, आणि तुमच्या हातात येणार तो अनुवाद एखाद्या अनुवादकाने शंभर वर्षांपूर्वी, त्याला न पटलेले परिच्छेद गाळून केलेला, किंवा कॉपीराइट संपलाय म्हणून कोणीतरी घाईघाईत काढलेला. त्यामुळे मी आता रिव्ह्यूच्या ढिगात अनुवादकाचं नाव टाकून शोधते. ज्या वाचकाने अनुवादकाचं नाव घेतलंय त्याचं मत बाकी पन्नास जणांपेक्षा मोठं.

ऑडिओबुकचंही तसंच, वाचणाऱ्याचा आवाज कसा, सगळ्या बायका एकाच रडक्या सुरात बोलतात का, हे ऐकणाराच सांगणार, आणि त्याचं मत छापील प्रतवाल्यांच्या गर्दीत हरवलेलं. इतिहासाच्या पुस्तकांत मी ‘नकाशा’ हा एकच शब्द शोधते. ई-बुकमध्ये नकाशा बोटाएवढा दिसतो आणि मोठा केला की धूसर होतो, सैन्य कुठून कुठे गेलं काही पत्ता लागत नाही, ही तक्रार करणारा वाचक म्हणजे देवमाणूस. आणि विषयातला कोणीतरी येऊन ‘तिसऱ्या प्रकरणात अमुक संदर्भ चुकीचा वापरलाय’ असं लिहितो तो रिव्ह्यू नेहमी लांबलचक, कंटाळवाणा, फारसे लाइक नसलेला, आणि तोच वाचायचा.

सेल्फ-हेल्पचे रिव्ह्यू? आयुष्य बदललं म्हणतात सगळे, आणि पुस्तक संपवल्या संपवल्या म्हणतात. वर्षभराने येऊन ‘अजून बदललेलंच आहे’ असं लिहिणारा मला तरी भेटला नाही. पोरांच्या पुस्तकांवर सगळी मतं मोठ्यांची, चित्रं गोड आहेत, संदेश चांगला आहे वगैरे, पोरगं काय म्हणालं ते क्वचित. ‘रोज रात्री परत वाचायला लावतो, मला आता पाठ झालंय, वैतागलोय’ असं लिहिलेलं दिसलं की मी घेते. कवितेला रिव्ह्यू जवळपास नसतातच, असले तरी दोन ओळी कॉपी करून पुढे लाल बदाम. पण खरं तर तेच बरं, त्या दोन ओळींवरून कळतं घ्यायचं की नाही. ज्या भाषांत ऑनलाइन लिहिणारे वाचक कमी तिथे तर चांगल्या चांगल्या पुस्तकांखाली तीन रिव्ह्यू, त्यातला एक प्रकाशकाच्या घरचा असावा असा संशय.

खोट्या रिव्ह्यूंचं म्हणाल तर ते जुनंच दुखणं आहे. २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडाच्या साइटवर काही तांत्रिक गडबडीमुळे निनावी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची खरी नावं दिसायला लागली आणि त्यात स्वतःच्याच पुस्तकाला पाच स्टार देणारे लेखक सापडले. उलट बाजूही आहे, २०२३ मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकन लेखिकेची कादंबरी छापूनही झाली नव्हती, नुसती घोषणा झाली होती, ती रशियात घडते म्हणून युद्धावर चिडलेल्या शेकडो लोकांनी आधीच एकएक स्टार दिला आणि तिने प्रकाशनच पुढे ढकललं. न वाचता दिलेलं मत, आणि ते आकड्यात वाचलेल्यांच्या मतासारखंच मोजलं जातं. अमेरिकेत २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं यावर नियमाने बंदी आली आहे. तरी मी माझी साधी चाळणी वापरते. रिव्ह्यूमध्ये पुस्तकातलं एकतरी असं काही आहे का जे मागच्या कव्हरवर नाही? नसेल तर पुढे.

तोटे पण आहेत. स्पॉयलर तर आहेतच, त्याबद्दल काय बोलायचं. त्याहून त्रासदायक म्हणजे आधी वाचलेलं मत डोक्यात जाऊन बसतं, ‘मधला भाग ढिला आहे’ असं वाचलं की मधला भाग आला की मी ढिलेपणा शोधत बसते. म्हणून आता निवडायच्या वेळी चारपाच वाचते, बाकीचे पुस्तक संपल्यावर. संपल्यावर वाचण्यात जास्त मजा आहे खरं तर, कोणाशीतरी भांडायला मिळतं.

आणि शेवटी सगळ्यात उपयोगी पडलं ते काय, तर एक बाई. नाव-गाव माहीत नाही, प्रोफाइलला मांजराचा फोटो. तिची आणि माझी आवड कुठेच जुळत नाही, मला आवडतं त्याला ती दोन देते, तिचे पाच म्हणजे माझ्यासाठी लांबूनच नमस्कार. पण लिहिते इतकं स्वच्छ, की तिला कशाचा कंटाळा आला ते वाचूनच मी पुस्तकं उचलते, आणि आवडनिवड जुळणाऱ्या लोकांपेक्षा तिच्यामुळे मला जास्त चांगली पुस्तकं मिळाली आहेत. मध्ये एकदा घोटाळा झाला, मला प्रचंड आवडलेल्या कादंबरीला तिने पाच दिले. म्हटलं संपलं, एकतर ती बदलली नाहीतर मी. मग तिचं लिहिलेलं वाचलं, तर तिला आवडलेला सगळा भाग तो मधला खून आणि पोलिसांचा पाठलाग, जो मी भराभर पानं उलटून संपवला होता, आणि मला जिच्यासाठी पुस्तक आवडलं ती म्हातारी आत्या तिला ‘काढून टाकली असती तरी चाललं असतं’. मग बरं वाटलं, बाईंना फॉलो करणं चालू ठेवलंय.