मुलाच्या तिरळेपणाची शस्त्रक्रिया : भूलतज्ज्ञांनी दिलेला अर्धा तास

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात तिरळे मूल नशीबवान मानतात. माझ्या ७ वर्षांच्या मुलाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “नशीबाचा डोया हाये त्याचा, कायले हात लावता?” तरीही जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका नेत्ररुग्णालयात आम्ही शस्त्रक्रिया करून घेतली. डोळा आत वळत असल्यामुळे नाकाकडचे स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवायचे होते.

या रुग्णालयाची शिफारस मी करते ती मुख्यतः तेथील भूलतज्ज्ञ मॅडममुळे. घराण्यात कोणाला भूल दिल्यावर एकाएकी तीव्र ताप चढला होता का, स्नायूंचा काही आजार आहे का, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारले. मग त्यांनी सांगितले की सक्सिनिलकोलीन नावाच्या औषधाने शरीराचे इतर स्नायू सैल पडतात, पण डोळा फिरवणारे स्नायू मात्र काही वेळ आवळलेलेच राहतात. शस्त्रक्रियेच्या आरंभी सर्जन चिमट्याने डोळा हलवून स्नायू कितपत ताठ आहे हे पाहतात. हे औषध दिलेले असेल तर पुढची सुमारे १५ ते २० मिनिटे त्या तपासणीवर विसंबता येत नाही, म्हणून त्या ते टाळतात. भुलीखाली डोळ्यांची ठेवणही बदलते, बहुधा ते बाहेरच्या बाजूला सरकतात. त्यामुळे स्नायू किती मागे न्यायचा हे जागेपणी डोळ्यापुढे प्रिझम (तिरप्या कापाची काच) धरून घेतलेल्या मापांवरूनच ठरवतात. दोन वेगवेगळ्या दिवशी माप घ्यायला बोलावले म्हणून मी आधी कुरकुर केली होती. त्याचे कारण मला तेथे उमगले.

शस्त्रक्रियेनंतर त्यांनी मला भुलीचा तक्ता दाखवला. नाडीच्या ठिपक्यांची ओळ १०४ वरून एकदम ५८ वर उतरून पुन्हा वर आली होती. डोळ्याचा स्नायू ओढला गेला की काही मुलांमध्ये हृदयाचे ठोके मंदावतात. सर्जननी ओढ सैल केल्याबरोबर ठोके पूर्ववत झाले आणि सिरिंजमध्ये भरून ठेवलेले ॲट्रोपिन हे ठोके वाढवणारे औषध वापरावे लागले नाही. शिरेतून प्रोपोफॉल नावाच्या औषधावर भूल चालू ठेवली तर उलट्या कमी होतात, परंतु नाडी मंदावण्याचा हा प्रकार अधिक दिसतो. म्हणून त्यांनी मास्कमधून सेव्होफ्लुरेन हे हुंगायचे भुलीचे औषध देऊन उलट्यांसाठी ऑन्डॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन वेगळे दिले होते. एका शिक्षिकेला हे सारे समजेल असा विश्वास त्यांनी ठेवला, याचे मला फार मोल वाटते.

वॉर्डच्या व्यवस्थेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. “रात्रीपासून काही देऊ नका” एवढेच आम्हाला सांगण्यात आले आणि मुलाचा नंबर दुपारी १ वाजता लागला. जेवणासाठी ६ तासांचे अंतर लागते, पण साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते, हे मॅडमनी सांगितले तेव्हा वेळ निघून गेली होती. पोर कोरड्या ओठांनी दुसऱ्यांच्या बाटल्यांकडे पाहत बसले होते. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेनंतर औषध देऊनही उलट्या होऊ शकतात, हेही सुट्टी देताना कोणी बोलले नाही. परतीच्या वाटेवर काळीपिवळीत तो दोनदा ओकला, तेव्हा टाके तुटतील या भीतीने माझे हातपाय गळाले होते. सूचनांचा कागद पूर्ण इंग्रजीत होता.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत दोन्ही डोळे सरळ दिसले. चष्मा चालूच आहे, आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते हे सर्जननी स्पष्ट सांगितले आहे. त्याच दिवशी पाण्याची वेळ, उलट्या झाल्यास काय करायचे आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे मराठीत सुवाच्य लिहून तो कागद मी वॉर्डच्या सिस्टरांकडे दिला. त्यांनी तो माझ्यासमोरच भिंतीला चिकटवला.